शेवटचा फर्मा

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

सोबत बाबांसाठी एक पार्सल आहे. आत लाल वेष्टनाची रहस्यकादंबरी आहे, आमच्याच छापखान्यात छापलेली. मी मशीनपाशी उभा राहून तिची शाई पाहिली, समास पाहिले, पण वाचलं मात्र एक अक्षर नाही. आचाऱ्याला कुठे जेवायची वासना उरते? घड्या घालणारी मंडळी मात्र काम सोडून तिच्यावरच वाद घालत होती. मोठं कारस्थान आहे म्हणे, आणि शेवट कुणालाच ओळखता येत नाही.

तू लिहिलं होतंस की बाबा हल्ली नुसते खिडकीपाशी बसतात, वर्तमानपत्र हातात घेतलं तरी त्यांना ते कालचंच वाटतं. म्हटलं, रहस्यकथा दिसली तर जुनी हौस जागी होईल. मात्र पुस्तक त्यांच्या हातात पडायच्या आत शेवटचा फर्मा काढून ठेव. नाहीतर ते स्वतःच सुरी घेऊन बसतील आणि बोट कापून घेतील. घरचा नियम तो घरचा नियम.

तुझ्या दुकानातले चष्मे कसे आहेत? मला आता बारीक अक्षर दिसेनासं झालंय. भावाला सवलत देत असशील तर कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बोका


दि. ३ फेब्रुवारी

चि. बोका यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. फर्मा मी आधीच काढला आणि बाबांच्या कामाच्या टेबलाच्या खणात ठेवला. दुपारच्या बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, बापाबरोबर लेकीचंही डोकं फिरलं. त्या नवीनच आहेत. मी दुकानात जाते तेव्हा बाबांपाशी बसतात. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुस्तक म्हणजे मोठ्या कागदांच्या घड्या, एकेका घडीला फर्मा म्हणतात, आणि आमचे वडील पुस्तकं बांधणारे असल्यामुळे घरात रहस्यकथा आली की ते शिवण उसवून तिचा शेवटचा फर्मा काढून ठेवत. घरातल्या प्रत्येकाने पुस्तक वाचून आपला अभिप्राय द्यायचा, गुन्हेगार कोण आणि कशावरून. सगळ्यांचे अभिप्राय आले की बाबा फर्मा परत शिवत आणि शेवट मोठ्याने वाचून दाखवत. आईने एकदा चोरून शेवट वाचला होता, तर पुढच्या तीन पुस्तकांत तिला मत नव्हतं. बाई खूप हसल्या आणि म्हणाल्या की मग मीपण अभिप्राय देणार.

कथा अशी आहे. एक म्हातारा जमीनमोजणीदार एका घरात जागा होतो आणि त्याला काहीच आठवत नाही. घरातली बाई सांगते की मी तुझी मुलगी. ती त्याला रोज गोळ्या देते. एक गोडबोल्या डॉक्टर येतो. समोरच्या बाकावर एक माणूस दिवसभर एकच वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. म्हाताऱ्याने पूर्वी एका धरणाची मोजणी केलेली असते, आणि ती त्याला आठवू नये अशी कुणाची तरी इच्छा असते.

बोक्या, पुस्तक वाचून तरी पाठवायचंस. पण असो.

बाईंचा अभिप्राय, डॉक्टर. एवढं गोड बोलणारा डॉक्टर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आपले खरे डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांनीही चार प्रकरणं चाळली. त्यांचं म्हणणं, लेखकाला काडीची माहिती नाही. पुस्तकात स्मरण एका फटक्यात जातं आणि एका फटक्यात येतं. खरं जातं ते भिंतीच्या रंगासारखं, पोपडा पोपडा, आणि परत येत नाही. हे त्यांनी बाबांसमोर नाही, जिन्यात सांगितलं. माझा अभिप्राय, बाकावरचा माणूस. बाबांचाही तोच, आणि किती दिवसांनी त्यांनी बोट नाचवून कारणं सांगितली. मला बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान आठवलं, तिथला सरसाचा वास आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. नवीन दिसतंय, कुणी आणलं, म्हणाले. आदल्या दिवशी हसले होते त्याच वाक्याला हसले. कुठल्या लेखकाला असा वाचक मिळेल? मी हसायला गेले आणि मला हसू आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं की मनी शाळेतून आली का. मनी म्हणजे मीच ना रे. येईलच एवढ्यात, असं मी सांगितलं.

फक्त तुझा अभिप्राय राहिलाय. लवकर पाठव, म्हणजे फर्मा शिवून टाकू.

प्रकृतीला जप. आठवण काढतोस तशीच काढत राहा.
तुझी,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बोक्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. माझा अभिप्राय, कुत्रा. पुस्तकात कुत्रा आहे की नाही माहीत नाही, पण नसेल तर तेच संशयास्पद आहे.

चेष्टा पुरे. न वाचता दिलेला अभिप्राय धरत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण सध्या शाळेच्या पुस्तकांची छपाई चालू आहे, मशीन थांबत नाही आणि मीही. थोडे दिवस दे. बाबा पुन्हा पुन्हा वाचतात यात वाईट काय? त्यांचा वेळ जातो, तुलाही जरा उसंत मिळते. त्यांनी मनीची चौकशी केली म्हणजे मनी त्यांच्या लक्षात आहे. माझी चौकशी करतात का ते लिहिलं नाहीस. न लिहिण्यातच कळलं.

उंटावरून शेळ्या हाकतोय, कल्पना आहे मला. या महिन्यात येणं जमणार नाही. रागावू नकोस.

आहे तसा गोड मानून घे.
तुझा,
बोका


दि. ९ मार्च

चि. बोक्या,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुकानात बसून लिहितेय, घासायच्या भिंगांमध्ये. घरी लिहिलं तर बाबांना वाटेल मी कुणाला तरी खबर देतेय.

सुरुवात गोळ्यांपासून झाली. पुस्तकातला म्हातारा गोळी जिभेखाली धरतो आणि बाई वळली की बाहीत लपवतो. बाबांच्या कपड्यांच्या बाह्या धुताना मला ओल्या गोळ्या सापडल्या. मग त्यांनी दुपारच्या बाईंना हळूच सांगितलं की या घरात एक बाई आहे, ती स्वतःला माझी मुलगी म्हणवते, पण माझी मुलगी शाळेत जाते, एवढी मोठी नाही, पोलिसांना कळवा. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाच रडू आलं. आता बाबा मी हात लावलेलं काही खात नाहीत. बाईंनी भरवलं तर दोन घास, तेही मी घरात नसले तर. मनगटावरून घड्याळ गळून पडतं त्यांचं.

डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर इस्पितळात नेऊन नळीने भरवावं लागेल, आणि तिथे गेल्यावर ते घरी परत येतील अशी आशा धरू नका. मला त्यांना त्या खाटेला बांधलेलं बघायचं नाही, बोक्या. माझी एवढीच मागणी आहे, त्यांनी आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशेजारी असावं. मला ओळखलं नाही तरी चालेल. पण माझ्या हातचं खावं.

म्हणशील, पुस्तक काढून घे. काढून घेतलं होतं. माझ्या गादीखाली ठेवलं. त्यांनी अख्खं घर उलथंपालथं केलं आणि ते बरोबर माझ्याच गादीखाली शोधून काढलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला खरंच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटलं. आता ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात.

मग माझ्या मनात आलं की शेवटी मुलगी निर्दोष निघत असेल. बहुतेक पुस्तकांत ज्याच्यावर संशय असतो तो निर्दोषच निघतो ना? म्हणून आईसारखाच नियम मोडला. खणातला फर्मा दुकानात आणला आणि वाचला. ती मुलगी नसतेच. ती कारस्थानवाल्यांनी पगारावर ठेवलेली असते.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तुला दोष देत नाही. थोडासा देते.

बाबा रोज बाईंना विचारतात की सगळ्यांचे अभिप्राय आले का, फर्मा शिवायचा आहे. स्वतःच्या घरातली न्हाणी कुठे ते विसरतात, पण हे नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाईंनी सांगून पाहिलं की अहो, या तुमच्याच लेक आहेत, तर म्हणाले, शेवट वाचल्याशिवाय मी कुणाचंही मत मानत नाही. मी म्हटलं की या पुस्तकाला शेवटच नाही, तर लहान मुलाच्या थापेकडे बघावं तसे हसले.

तुझ्याकडे तोच कागद आहे, तीच शाई, तेच टाईप. तू दुसरा शेवट छापून दे. बाबांनी जन्मात कुणाच्या पुस्तकाचं एक पान बदललं नाही, आणि आपण त्यांच्यासाठीच हे करायचं. लाज वाटते, पण मागते. नाही म्हणू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी छापखान्याच्या गोदामात कागदांच्या थप्प्यांवर बसून ती कादंबरी एका बैठकीत वाचली. मुकादम ओरडून गेला. वाचता वाचता मला बाबा दिसायला लागले आणि तू दिसायला लागलीस, आणि हे मी स्वतःच्या हाताने बांधून पाठवलं याची इतकी शरम वाटली की घरी जाऊन जेवलो नाही.

फर्मा तयार करून पाठवतोय. मी काही लेखक नव्हे. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी बाबांचा पहिला अभिप्राय खरा केला, बाकावरचा माणूसच सूत्रधार. मुलगी खरी निघते. ती खरी कशावरून, यावर मी फार अडलो. जन्मखूण, फोटो, दाखला, सगळं कारस्थानवाल्यांना बनवता येतं. मग तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली, आणि त्यात एकदाही तू बाबांना मला ओळखा म्हणून हट्ट केल्याचं दिसलं नाही. खोट्या माणसाला ओळख पटवून द्यायची घाई असते. तेच लिहिलं. म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की घरातले सगळे आठवा आठवा म्हणून मागे लागतात, ही एकटीच लागत नाही.

टाईप तोच आहे. या छपाईतला थोडाच कागद उरला होता, त्याचे ताव बसतील तसे कापले. शिवताना गाठ आतून मार, बाबांनी आपल्याला शिकवली तशी, म्हणजे त्यांना शंका येणार नाही. तुझी गाठ माझ्यापेक्षा नेहमीच चांगली बसायची आणि ते तोंडावर सांगायचे.

आता माझा अभिप्राय लिहून देतो, बाबांना दाखव. पुस्तक पूर्ण वाचलं. माझ्या मते मुलगी खरी आहे.

महिनाअखेरीला रजा घेऊन येतोय, मुकादमाने काढून टाकलं तरी. ते मला ओळखणार नाहीत, याची तयारी करतोय. तू ती कशी केलीस ते आल्यावर सांग.

तुझ्या पायाशी,
बोका


दि. २६ मार्च

चि. बोक्या,
अनेक अनेक आशीर्वाद.

फर्मा मिळाला त्याच संध्याकाळी मी तो स्वयंपाकघरात दार लावून शिवला. कितीतरी वर्षांनी हातात ती जाड सुई घेतली. विसरले असेन वाटलं होतं, पण बोटांना आठवत होतं. सकाळी बाईंनी बाबांना पुस्तक दिलं, तुझा अभिप्राय वाचून दाखवला आणि सांगितलं की आता सगळ्यांची मतं आली, फर्मा शिवलाय. मी दाराआड उभी होते.

त्यांनी आधी वाचलंच नाही. शेवटच्या पानांवरून अंगठा फिरवला, पान उजेडाकडे धरलं, वास घेतला. मग सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पुस्तक मधोमध वाकवून दोऱ्याकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं, आता इस्पितळ.

मग त्यांनी बाईंकडे कागद आणि पेन मागितलं. दुपारभर लिहीत होते. हात थरथरतो, पण अक्षर बघशील तर तुझ्यापेक्षा बरं. लिहून झाल्यावर पाकीट स्वतः चिकटवलं, पुस्तकातून छापखान्याचा पत्ता उतरवला आणि बाईंना सांगितलं की आजच टपालात टाका.

आणि मग, बोक्या, त्यांनी दाराकडे पाहून मला विचारलं की दूध आहे का. बाईंना नाही, मला. मी कप नेऊन दिला. माझ्याकडे बघत बघत प्यायले, अगदी तळापर्यंत. गोळीही घेतली आणि तोंड उघडून दाखवलं. मी कप विसळायला आत गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. तेव्हापासून माझ्या हातचं खातात. ओळखलंय का, ते मी विचारलं नाही. तुझ्या गोष्टीतली मुलगी विचारत नाही, मग मी कशी विचारणार?

पाकीट बाईंनी माझ्या हातात दिलं. मी उघडलेलं नाही. एकदा शेवट आधी उघडून भोगलंय. पत्ता तुझ्या छापखान्याचा आहे, म्हणजे ते तुझंच. या पत्रात घालून पाठवते. आत माझ्यासाठी काही असलं तर येशील तेव्हा सांग, नसलं तरी सांग.

लवकर ये. वाटेत डब्याशिवाय राहू नकोस.
तुझी,
ताई


दि. २४ मार्च

मा. मुद्रक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या छापखान्यात छापलेली कादंबरी वाचून संपवली. वाचणाऱ्याने अभिप्राय द्यावा असा आमच्या घरचा नियम आहे, म्हणून हे पत्र. मी पुस्तकबांधणीचा व्यवसाय करतो. सध्या दुकान काही दिवस बंद आहे.

कादंबरी चांगली आहे. छपाई स्वच्छ आहे. परंतु शेवटचा फर्मा या पुस्तकाचा नाही. कागद तोच आहे, पण त्याच्या तंतूंना आडवा कापलेला आहे. बाकीची पाने उघडली की निमूट पडून राहतात, ही उभी राहतात. लिहिणाराही वेगळा आहे. त्याला लिहिण्याची सवय नाही. एवढ्याशा जागेत त्याने तीन वेळा माणसांना रडवले आहे. मूळ शेवट काय असणार ते मी ताडले आहे. ती बाई म्हाताऱ्याची मुलगी नव्हती. कथा तिथेच चालली होती.

मग हा दुसरा शेवट कोणी केला आणि का, याचा मी पुष्कळ विचार केला. मी काही गोष्टी विसरतो, पण विचार करता येतो. माझ्या घरातही एक बाई आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात संशय होता, तो मी येथे लपवत नाही. परंतु फसवणारा माणूस एका म्हाताऱ्यासाठी टाईप जुळवत बसत नाही. त्याला बंद दार पुरते.

दुसरे असे की मी शिवण पाहिली. गाठ आतून मारलेली आहे. ही गाठ माझी आहे. बाजारात ती कोणी मारत नाही, कारण वेळ फार लागतो. मी ती जगात दोनच जणांना शिकवली आहे, माझ्या मुलीला आणि मुलाला. ती दोघे अजून लहान आहेत, एवढे जाड पुस्तक त्यांच्या मुठीत मावत नाही. म्हणजे ही गाठ त्यांची नव्हे. माझीही नव्हे, माझे हात आता स्थिर नाहीत. त्या बाई ती कोठे शिकल्या हे मला कळत नाही, आणि मी विचारणार नाही. गोष्ट खोटी लिहिता येते, गाठ खोटी मारता येत नाही. तेव्हा माझा अभिप्राय असा की त्या माझी मुलगी नसतील, पण या घरच्या आहेत. आज मी त्यांच्याकडून दूध मागून घेणार आहे.

आपल्याकडे ज्याने कोणी हा फर्मा जुळवला त्याला सांगावे की जुळणीत एकही चूक नाही. कागद कापताना दिशा पाहावी, हे मात्र त्याला कोणीतरी शिकवायला हवे होते. इकडे कधी आला तर मी शिकवीन. मला वेळ आहे.

त्या बाईंना हाक मारायला काही नाव हवे. मला दुसरे सुचत नाही, म्हणून मी त्यांना मनी म्हणायचे ठरवले आहे. माझ्या मुलीचे नाव तेच आहे. ती शाळेतून आली की तिला सांगावे लागेल की तुझे नाव मी तुला न विचारता दुसऱ्या कोणाला दिले. ती रागावणार नाही. मनाने मोठी आहे. आज तिला यायला फार उशीर झाला आहे.

आपली ओळख नाही, तरी लोभ ठेवावा ही विनंती.

आपला,
एक वाचक